ओढायचं किती, वाहायचं किती



या वेळचा विषय जरा लांबचा वाटेल, पण आपल्या चार-पाच घरांत तरी तो शिजतो आहे. मुलं मार्गी लागतात, निवृत्ती वर्षभरावर येते, अमेरिकेतलं चार बेडरूमचं घर दोघांना मोठं पडायला लागतं. मग दोघांपैकी एकाच्या, बहुधा नवऱ्याच्या, डोक्यात येतं की हे घर विकावं, चाकांवरचं घर घ्यावं आणि दोन-तीन वर्षं नुसतं फिरावं.

हे माझ्या मामांच्या डोक्यात आलं. मामा डॅलसजवळ राहतात. शाळा विवेकवर्धिनीत झाली, मग तीस वर्षं तिकडेच. मामी मूळच्या सोलापूरच्या. डिसेंबरात दोघं महिनाभर हैदराबादला आमच्याकडे होते आणि त्या महिन्यात मी ऑफिसच्या प्रोजेक्टपेक्षा मामांच्या ट्रेलरवर जास्त डोकं चालवलं. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, एक तक्ता करून दे, कुठलं घेऊ ते कळेल," एवढंच मागणं होतं. पण प्रश्न साधा नव्हता. राहतं घर विकून येणारा पैसा त्यात जाणार होता, आणि निर्णय चुकला तर बासष्टाव्या वर्षी परत घर उभं करायचं होतं.

आधी शब्द समजून घेऊ. अमेरिकेत गाडीमागे ओढून न्यायची घरं मुख्यतः दोन जातींची असतात. एक साधा ट्रॅव्हल ट्रेलर. याच्या पुढे त्रिकोणी दांडी असते आणि ती गाडीच्या मागच्या बंपरखाली बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते. दुसरी जात फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवं चाक. याचं नाक उंच असतं आणि ते पिकअपच्या हौद्यावर पुढे आलेलं असतं. त्या नाकाखाली एक जाड खिळा असतो, किंगपिन म्हणतात त्याला. तो हौद्यात, मागच्या आसाच्या जवळजवळ डोक्यावर बसवलेल्या कुलपात अडकतो. नाव घोडागाड्यांच्या काळातलं आहे. चार चाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी फिरती चकती असायची, तेच पाचवं चाक. आपल्या आउटर रिंग रोडवरून जे लांबलचक कंटेनर जातात, त्यांच्या जोडणीलाही हेच नाव आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ग्लेन कर्टिस या विमानं बनवणाऱ्या गृहस्थानं 'एअरोकार' नावाचं ओढायचं घर काढलं, त्यात तर खरोखरच विमानाचं चाक आडवं ठेवून जोडणी केली होती.

भार आसावर पडत असल्यामुळे फिफ्थ व्हील रस्त्यावर स्थिर चालतं, शेजारून मोठा ट्रक गेला तरी शेपटी कमी हलवतं. नाक हौद्यावर असल्यानं तेवढ्याच राहत्या जागेला एकूण लांबी कमी लागते. आत उभं राहायला ऐसपैस, कपाटं भरपूर, खाली पोटात सामानाचा मोठा कप्पा. म्हणून जे लोक महिनोन्महिने राहणार असतात ते बहुधा याच्याकडे वळतात. मामाही वळले होते. त्यांच्या यादीत दोन होती. एक चाळीस फुटी, तीन भिंती बाहेर सरकणारं, आत खोटी शेकोटी आणि आरामखुर्च्या असलेलं. दुसरं तीस फुटी, साधं. मामांचा जीव अर्थातच पहिल्यावर होता. शेकोटीचा फोटो त्यांनी माझ्या आईला तीन वेळा दाखवला. आई म्हणाली, "अरे, हैदराबादेत वाढलेला तू, तुला शेकोटी कशाला रे?"

विक्रेत्यानं त्यांना सांगितलं होतं की तुमचा पिकअप दणकट डिझेलवाला आहे, तो दोन्ही सहज ओढेल. ते खरंच होतं. कागदावर त्या पिकअपची ओढण्याची क्षमता सहा हजार किलोच्या वर होती, आणि मोठ्या ट्रेलरचं नुसतं रिकामं वजन त्यात बसत होतं. घोटाळा दुसरीकडे होता, आणि तो समजायला कॉम्प्युटर लागत नाही, बैल लागतो.

आपल्या दख्खनच्या पठारावरून लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन फिरायचे ते बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. एका बैलाच्या पाठीवर फार तर शे-सव्वाशे किलो. तोच बैल गाडीला जोडला तर त्याच्या कैक पट ओझं ओढतो. बैल तोच, ताकद तीच. पाठीवर घ्यायचं वजन वेगळं आणि चाकांवर ठेवून ओढायचं वजन वेगळं. पिकअपचंही तसंच आहे. साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग गाडीच्या मागच्या गोळ्यावर येतो. फिफ्थ व्हीलचा मात्र १५ ते २५ टक्के भाग, हिशेबाला २० धरतात, थेट हौद्यात, म्हणजे बैलाच्या पाठीवर येतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा ओढण्याचा असतो. पाठीवर घेण्याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, एका छोट्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो. माणसं आणि सामान मिळून यापुढे जाऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. मामांनी तो पिकअप चार वर्षं चालवला होता आणि ते स्टिकर कधी वाचलं नव्हतं. शेजाऱ्याला फोन करून त्याचा फोटो मागवला.

स्टिकरवर पौंडांत जे होतं ते किलोत साधारण १,०२० निघालं. त्यातून मामा-मामींचं वजन १४० वजा. हौद्यात बसवायच्या लोखंडी कुलपाचं ८० वजा. हत्यारं, दोर, पाचर, पाण्याचे पाइप यांचे ४५ वजा. उरले ७५५ किलो. आता मोठं फिफ्थ व्हील पूर्ण भरल्यावर ७,२५० किलो, त्याचे २० टक्के म्हणजे १,४५० किलो. जवळजवळ दुप्पट. लहान फिफ्थ व्हील पूर्ण भरल्यावर ४,७५०, त्याचे २० टक्के ९५०. तेही बसत नाही! उलटा हिशेब केला तर त्या पिकअपला भरल्यावर ३,७७५ किलोच्या आतलंच फिफ्थ व्हील परवडतं, आणि तेवढं हलकं, वर्षभर राहण्याजोगं फिफ्थ व्हील शोधणं अवघड आहे.

मामांना हे पटेना. त्यांनी लहान ट्रेलरचं माहितीपत्रक काढलं. त्यात नाकावरचं वजन ६८० किलो छापलेलं होतं, म्हणजे ७५५ च्या आत. माहितीपत्रकात छापतात ते कोरडं वजन. कारखान्यातून निघालेलं घर, ज्यात पाणी नाही, कपडे नाहीत, डबे नाहीत, पुष्कळदा बॅटरीसुद्धा नाही. त्या वजनाचं घर कुणीच कधी रस्त्यावर नेत नाही. चार दिवस कॅम्पिंगला जाणारा माणूस त्या आकड्याच्या आसपास राहू शकेल. जो त्यात वर्षभर राहतो त्याचं घर हळूहळू मर्यादेपर्यंत भरतंच, जसं आपलं माळ्यावरचं. म्हणून दीर्घ प्रवासासाठी तुलना करायची तर ती पूर्ण भरलेल्या वजनांची. माझ्या तक्त्यातले कोरड्या वजनाचे दोन्ही रकाने मी सरळ पुसून टाकले.

जास्त भार घातला तर होतं काय? मागचे टायर तापतात, मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ढिलं पडतं, उतारावर ब्रेकला अंतर जास्त लागतं. सपाट टेक्सासात काही जाणवणार नाही. कोलोरॅडोच्या घाटात जाणवेल, आणि तेव्हा मामी शेजारी बसलेल्या असतील.

असा तक्ता रंगत असताना मामींनी जाहीर केलं की कुठलंही घर घ्या, स्वयंपाकाची भांडी मी इथूनच नेणार. एका शनिवारी आम्ही चौघं बेगम बाजारात गेलो. वाचकांपैकी जे हैदराबादचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: दुसऱ्या आसफजहाच्या बेगमेनं, हमदा बेगमनं, व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसलेला हा घाऊक बाजार आहे. सुकामेव्यापासून स्टील-पितळेच्या भांड्यांपर्यंत सगळं मिळतं आणि हातगाडी, रिक्षा, हमाल, स्कूटर यांतून वाट काढत चालणं हाच एक व्यायाम आहे. शाळेतून घरी जाताना मामा मुद्दाम इकडून वळसा घालून जायचे, बदाम चाखायला. गाडी अफजलगंजकडे लावून आम्ही चालत गेलो.

इथे स्टीलची भांडी किलोवर मिळतात. गिऱ्हाईक सहसा भांडं हातात घेऊन तोलतं आणि जड असलं की खूश होतं, कारण जड म्हणजे टिकाऊ. मामी उलटं करत होत्या. प्रत्येक तपेलं (आमच्याकडे आई त्याला गंज म्हणते) उचलून, "याहून हलकं दाखवा," म्हणत होत्या. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "अम्मा, सब लोगां भारी होना बोलते, तुम हल्का होना बोल रे. बच्चों के खेलने के वास्ते होना क्या?"

मामींची निवड बघण्यासारखी होती. एकात एक बसणारी चार तपेली, सपाट झाकणांची, म्हणजे झाकणच ताटलीसारखं वापरता येतं. तीन लिटरचा कुकर. पाच लिटरचा नको, कारण तिकडच्या फिरत्या घरातली गॅसची शेगडी लहान असते, तीन बर्नर असले तरी दोन मोठी भांडी शेजारी-शेजारी बसत नाहीत. काठ वळवलेल्या स्टीलच्या ताटल्या, काचेचं काही नाही, कारण रस्त्यावर ते घर प्रत्येक खड्ड्याला हादरतं. मसाल्याचा डबा घट्ट झाकणाचा. मिक्सर नाही. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, तिकडे १२० व्होल्ट. त्याऐवजी लहान पितळी खलबत्ता, "याला वीज लागत नाही आणि रात्री शेजाऱ्यांना आवाजही जात नाही," म्हणून. (आवाज जात नाही यावर आईचं मत वेगळं होतं.) परात मात्र त्यांनी हातात घेऊन परत ठेवली. एवढ्या मोठ्या परातीला ओटाच नसतो.

सगळं काट्यावर गेलं, साडेअकरा किलो. मामी त्या आकड्याकडे बघत म्हणाल्या, "हे साडेअकरा किलो. मग ते अख्खं घर कुठल्या काट्यावर तोलतात?"

हाच प्रश्न विक्रेत्याकडे बसून मामांनी विचारायला हवा होता. उत्तर असं: आपल्याकडे हमरस्त्यावर मालट्रकांसाठी धर्मकाटे असतात, तसेच तिकडे ट्रकस्टॉपवर असतात. 'कॅट स्केल' नावाचे काटे तर देशभर आहेत आणि ते पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस वेगवेगळे तोलून देतात. आधी पिकअप एकटा तोलायचा, दोघं बसलेले, टाकी भरलेली. मग ट्रेलर जोडून तोलायचा. पिकअपच्या दोन आसांवर जेवढं वजन वाढलं तेवढा भार नाकावर. अंदाज संपला. दुकानात उभं राहून मी हे सांगितलं आणि दुकानदारानंही कान दिला, कारण त्याच्या भावाचा ट्रान्सपोर्टचा धंदा निघाला. तो म्हणाला, ट्रकचं भाडं ठरवताना सगळे टनाचं बोलतात, पण चलान फाटतं ते आसावर.

घरी आल्यावर मामींनी आणखी एक शंका काढली. साडेअकरा किलो कुठे ठेवले तर चालतील? ही शंका तिथल्या कितीतरी अनुभवी लोकांनाही पडत नाही. ज्यांनी बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना उलाळ माहीत असते. माल मागे जास्त झाला की गाडी मागे बसते, जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेला खालून गळफास बसतो. पुढे जास्त झाला की मानेवर ओझं. ट्रेलरला हेच शास्त्र लागू आहे. साध्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला जड सामान कोंबलं तर दांडीवरचा भार दहा टक्क्यांखाली जातो आणि ताशी शंभर किलोमीटरला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. एकदा तो लोलकासारखा हलू लागला की पुढच्या गाडीला घेऊन उलटतो. त्यासाठी भार वाटणारी आणि डोलणं रोखणारी जोडणी मिळते, ती घ्यावीच, पण सामान चुकीचं भरलं असेल तर तिचाही निभाव लागत नाही. फिफ्थ व्हील सहसा डोलत नाही, मात्र त्याचा सामानाचा मोठा कप्पा नाकाखालीच असतो. तिथे ठेवलेलं जवळजवळ सगळं वजन पिकअपच्या पाठीवर जातं. मागच्या बाजूला स्वयंपाकघर असलेली रचना घेतली तर डबे-भांडी आसाच्या मागे जातात आणि नाक थोडं हलकं होतं. पाण्याची टाकी कुठे आहे हेही बघावं, कारण २२५ लिटरची टाकी भरली की सव्वादोनशे किलो एकाच जागी बसतात. विक्रेता आतलं सोफ्याचं कापड दाखवतो, टाकीची जागा दाखवत नाही. ती आपण खाली वाकून बघायची.

मग तक्त्यात तीन वाटा उरल्या. पहिली, मोठं घर घ्यायचं आणि त्यासाठी मागे चार चाकं असलेला एक-टनी पिकअपही नवा घ्यायचा. दुसरी, तीस फुटी फिफ्थ व्हील आणि मागे दोनच चाकांचा, पण जास्त भार घेणारा एक-टनी पिकअप. तिसरी, आहे तोच पिकअप आणि साधा ट्रॅव्हल ट्रेलर. चार हजार किलोचा भरलेला ट्रेलर घेतला तर १२ टक्क्यांनी ४८० किलो पाठीवर येतात आणि ७५५ मध्ये आरामात बसतात. (ही 'एक-टनी', 'अर्ध्या टनी' नावं जुनी आहेत, आज त्यांचा खऱ्या टनाशी संबंध नाही.)

पहिल्या वाटेवर मामा चार दिवस अडून होते. त्यांना उतरवलं ते वजनानं नाही, लांबीनं. ग्लेशियर नॅशनल पार्क बघायचं हे त्यांचं जुनं स्वप्न. तिथल्या 'गोइंग-टु-द-सन' घाटरस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब आणि ८ फुटांपेक्षा रुंद गाडी नेता येत नाही. ट्रेलर खाली सोडून नुसता पिकअप न्यावा म्हटलं, तर लांब हौद्याचा, चार दारांचा, मागे चार चाकांचा तो पिकअप स्वतःच २२ फुटांच्या वर जातो आणि मागून ८ फूट रुंद असतो. म्हणजे ज्या डोंगरासाठी घर विकायचं त्या डोंगरावर घराला जोडलेली गाडीच जाणार नाही. शिवाय जुन्या सरकारी कॅम्पग्राउंडमधल्या जागा लहान ट्रेलरांच्या काळात आखलेल्या आहेत, चाळीस फुटी घराला तिथे वळायलाही जागा नसते. मोठं घर असलं की खासगी आरव्ही पार्कमध्ये भाडं भरून राहणं आलं. मामा गप्प झाले आणि शेकोटीचा फोटो फोनमधून गेला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेतला निवाडा मामींच्या प्रश्नांवर झाला. त्यांचा पहिला प्रश्न: "हे आजारी पडले तर चालवणार कोण?" आजवर सगळी चर्चा मामा चालवणार असं धरून चालली होती. मामी गाडी उत्तम चालवतात, पण पिकअप त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. फिफ्थ व्हील जोडायला हौद्यात डोकावून बघावं लागतं, उंचीचा अंदाज लागतो, आणि साधारण तेरा फूट उंचीचं घर मागे आहे हे प्रत्येक पुलाखाली आणि पेट्रोलपंपाच्या छपराखाली लक्षात ठेवावं लागतं. साध्या ट्रेलरची उंची त्याहून कमी असते. मागे घेताना मात्र लांब दांडीचा ट्रेलर आणि फिफ्थ व्हील दोन्ही शिकावी लागतात. स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे डोक्यात बसायला वेळ जातो.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. फिफ्थ व्हीलमध्ये झोपायची खोली त्या उंच नाकात असते, म्हणजे रात्री उठलं की दोन-तीन पायऱ्या. साध्या ट्रेलरची जमीन एकसलग असते. विक्रेत्याच्या आवारात दिवसा दोनदा वर-खाली केलं तर काही वाटत नाही. दोन वर्षं, रोज रात्री, अंधारात हा हिशेब वेगळा.

तिसरा प्रश्न मला फार आवडला. "भिंती आत सरकवलेल्या असताना मला फ्रिज उघडता येईल का आणि बाथरूमला जाता येईल का?" सरकत्या भिंती थांबल्यावर बाहेर काढल्या की घर ऐसपैस होतं, पण रस्त्यात दुपारी दही-भात खायला थांबलो तर त्या आतच असतात. पुष्कळ नकाशांत त्या वेळी फ्रिज किंवा न्हाणीघराचं दार अडतं. सरकत्या भिंती जेवढ्या जास्त, तेवढं वजन जास्त आणि पाणी झिरपायच्या जागाही जास्त. कुठलंही घर बघताना विक्रेत्याला सांगायचं, आधी सगळं आत घ्या, मग मी आत जाते.

आपल्या स्वयंपाकाबद्दल दोन शब्द, कारण तिकडच्या माहितीत ते सापडत नाहीत. फोडणी घातली की धुराचा अलार्म वाजतो. छपरातला पंखा चांगला हवा आणि शेगडीचा धूर खरोखर बाहेर जातो की नुसता जाळीतून गाळून परत आत येतो ते तपासावं. कुकरची वाफ छोट्या जागेत भिंतींवर दव धरते आणि थंडीत त्यातूनच बुरशी येते. गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र जमिनीलगत असतं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. त्याच्यापुढे डबे रचायचे नाहीत. भांडी घासल्याचं पाणी वेगळ्या टाकीत जातं आणि आपल्या घरात ती टाकी संडासाच्या टाकीआधी भरते. मामींचा उपाय: भांडं आधी कागदानं पुसायचं, मग घासायचं. वीज कुठे किती मिळते तेही पाहावं. तीस अँपियरच्या जागेवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी, इंडक्शन आणि गिझर एकदम लावले की खटका पडतो. पन्नास अँपियरच्या जागेवर १२,००० वॅट. टेक्सासच्या उन्हाळ्यात दोन एसी लागणारं मोठं घर म्हणजे कायम पन्नासच्या जागा शोधणं आलं.

कागदपत्रांचंही सांगतो, थोडक्यात. बरेच कारखाने आपली हमी फक्त हौशी वापरासाठी देतात, कायम राहणाऱ्यांना ती लागू होत नाही. हे बारीक अक्षरांत असतं, सही करण्याआधी वाचावं. विमाही कायम राहणाऱ्यांचा वेगळा मिळतो. घर विकलं तर कायमचा पत्ता कुठला, हा प्रश्न येतो. मतदान, लायसन, आरोग्यविमा सगळं त्यावर अडतं. अशी फिरती मंडळी बहुधा टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटाचा पत्ता घेतात. मामा आधीच टेक्सासात, हे एक बरं.

"मग इकडेच का नाही फिरत?" असं आईनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनं त्याच वर्षी 'केरवान' काढलं. पण आपल्याकडे जे चाललंय ते मुख्यतः व्हॅनमध्येच बांधलेलं, इंजिनासकट एकसंध घर, भाड्यानं घ्यायचं. मागे ओढायचं मोठं घर आपल्या गावांतल्या वळणांवर चालणार नाही, आणि रात्री लावायला पाणी-वीज-निचरा असलेल्या जागा अजून मोजक्याच आहेत. आठवडाभर कोकणात फिरायला भाड्याची व्हॅन उत्तम. मामींनी तीही यादीत टाकली आहे, पुढच्या डिसेंबरसाठी.

तर शेवटी ठरलं ते असं. घर विकायचं नाही, निदान पहिलं वर्ष तरी नाही. ते भाड्यानं द्यायचं. ही मामींची अट होती, आणि त्या अटीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा प्रवासाचा उत्साह दिसला. पिकअप आहे तोच. एप्रिलमध्ये तीन आठवड्यांसाठी पंचवीस-सव्वीस फुटी साधा ट्रॅव्हल ट्रेलर भाड्यानं घ्यायचा. पहिले पाच दिवस एकाच जागी राहायचं, कारण राहणं जमतं का ते आधी बघायचं, फिरणं नंतर. सध्या दर रविवारी सकाळी मामी एका रिकाम्या पार्किंगमध्ये मित्राचा छोटा मालवाहू ट्रेलर मागे घ्यायला शिकतात. मामा बाहेर उभे राहून हातवारे करतात. त्यावरून दोघांचं भांडण होतं असं कळलं, म्हणून आता हातवाऱ्यांऐवजी दोघं फोनवर बोलतात.

एप्रिलमध्ये निघायच्या दिवशी ते काट्यावर जातील आणि पावतीचा फोटो मला पाठवतील. तक्त्यातला तेवढा एक रकाना अजून रिकामा आहे.